३५ हजारांत घरी जोडायचा डेस्कटॉप: कोणता भाग कोणाला जुळेल?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा बीसीएसला गेली. सध्या कॉलेजात जावा आणि पायथन चालू आहे, पुढच्या सत्रात अँड्रॉइड स्टुडिओ लागेल असं तिच्या सरांनी सांगितलंय. त्याच पैशात लॅपटॉपपेक्षा डेस्कटॉप दणकट येतो आणि पुढे वाढवताही येतो, म्हणून घरीच जोडायचं ठरवलंय. खर्च ३५ हजारांपर्यंत. मॉनिटर, कीबोर्ड, माउस घरात आहेत. गेमचा नाद नाही, पण कधीमधी व्हिडिओ एडिट करते.

इथे एका दुकानदाराने 'आय५, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, सगळं नवीन, १४ हजार' असा भाव दिलाय. मुलीने स्वतः केलेली यादी अशी: इंटेल आय३-१२१००एफ, एच६१० चिपसेटचा (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) मदरबोर्ड (डीडीआर४ वाला), डीडीआर५ रॅमची १६ जीबीची एक स्टिक, ५१२ जीबीची एम.२ एसएसडी आणि ४५० वॅटच्या एसएमपीएससकट (वीजपुरवठ्याच्या डब्यासकट) येणारं कॅबिनेट.

हे भाग एकमेकांना लागू पडतात का? आणि १४ हजारांत 'आय५' मिळत असताना ३५ कशाला घालवायचे, असं घरातले विचारतात. त्यांना काय सांगू?

सोल्डरगन

दादा, मुलीने यादी विचार करून केली आहे. पण ती आहे तशी मागवली तर कॉम्प्युटर सुरूच होणार नाही.

आय३-१२१००एफ मधल्या शेवटच्या 'एफ'चा अर्थ असा की या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड यादीत नाही, मग पडद्यावर चित्र आणणार कोण? मदरबोर्डच्या मागे एचडीएमआयचं पोर्ट दिसतं, तिथे केबल लावली तरी पडदा काळाच राहील. पंखा फिरतो, दिवे लागतात, चित्र येत नाही, आणि माणूस बोर्ड खराब निघाला म्हणून दुकानात धावतो. 'एफ' नसलेला साधा १२१०० घ्या. त्यात यूएचडी ७३० ग्राफिक्स आहे, कोडिंगला आणि यूट्यूबला ते भरपूर झालं.

दुसरी अडचण रॅमची. बाराव्या ते चौदाव्या पिढीचे इंटेल प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही चालवतात, पण मदरबोर्ड दोन्हींपैकी एकालाच जागा देतो. एच६१० च्या नावाखाली दोन्ही प्रकारचे बोर्ड विकले जातात, मॉडेलच्या नावात कुठेतरी 'डी४' लिहिलेलं असतं तेवढीच खूण. दोन्ही रॅमना पिना २८८ च असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. स्टिक बसत नाही म्हणून कोणी अंगठ्याने जोर लावू नये, स्लॉट तुटेल.

कॅबिनेटबरोबर येणाऱ्या एसएमपीएसवर सविस्तर लिहायला हवं. इथे त्यातले जाणकार आहेत, ते लिहितीलच.

लॅमिंग्टनकर

१४ हजारवाल्या आय५ बद्दल मी सांगतो, धंदाच हा आहे. दुकानदाराला एवढंच विचारा: पिढी कितवी आणि चिपसेट कोणता?

बहुतेक वेळा उत्तर येईल 'तिसरी पिढी, एच६१'. एच६१ हा चिपसेट २०११ सालचा आणि तिसऱ्या पिढीचे आय५ आले २०१२ मध्ये. कंपन्यांनी मोडीत काढलेल्या मशीनमधून हे प्रोसेसर निघतात. त्यांच्यासाठी आजही कोरे एच६१ बोर्ड बनून येतात. बोर्ड, कॅबिनेट, एसएसडी नवीन असतात, म्हणून 'सगळं नवीन' हे बोलणं अगदीच खोटं ठरत नाही. पण आतला जीव चौदा वर्षांपूर्वीचा. एच६१ चे साटा (डिस्क जोडायचे) पोर्ट ३ गिगाबिटचे, म्हणजे आजची साधी साटा एसएसडीसुद्धा तिथे अर्ध्या वेगाने धावते. चिपसेटमध्ये यूएसबी ३ नाही. रॅम डीडीआर३, म्हणजे पुढे बोर्ड बदलला की तीही बाद.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे आणि रायझनच्या २००० मालिकेपासून पुढे चालतं, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं. आडवाटेने तिसऱ्या पिढीवरही ते टाकून देतात, पण मग पुढच्या अपडेटची हमी कोणीच देत नाही.

घरच्यांना सांगा, 'आय५' हे नुसतं आडनाव झालं. आजचा आय३-१२१०० त्या जुन्या आय५ ला प्रत्येक कामात मागे टाकतो.

कृष्णाकाठ

आत्ताच फोन केला. तिसरी पिढीच म्हणाला! चिपसेट विचारल्यावर 'तुम्हाला काय करायचंय त्याच्याशी' म्हणाला. तो विषय संपला.

तांबडा_पांढरा

इंटेलच का? वेगळं कार्ड घ्यायचंच नसेल तर रायझन ५ ५६००जी पाहा. ६ कोर, १२ थ्रेड, त्यात वेगा ७ ग्राफिक्स. आय३-१२१०० ला ४ कोर, ८ थ्रेड. अँड्रॉइड स्टुडिओत प्रोजेक्ट बिल्ड करताना सगळे कोर कामाला लागतात, शेजारी एमुलेटर (पडद्यावरचा नकली फोन) आणि ब्राउझर उघडा असतोच. निव्वळ ग्राफिक्सच्या ताकदीतही वेगा ७ हे यूएचडी ७३० पेक्षा सरस. बरोबर कूलर मिळतो. ए५२० किंवा बी५५० बोर्ड आणि डीडीआर४, झालं काम.

फक्त नावातलं शेवटचं अक्षर इथेही बघा. ५६००जी मध्ये ग्राफिक्स आहे. ५६००, ५६००एक्स आणि ५५०० मध्ये नाही.

सोल्डरगन

पर्याय चांगला आहे. दोन गोष्टींची भर घालतो.

५६००जी पीसीआय एक्सप्रेसच्या (एसएसडी आणि कार्ड जोडणारा रस्ता) ३.० आवृत्तीपर्यंतच जातो, बोर्ड बी५५० असला तरी. म्हणून महागडी जेन ४ (म्हणजे ४.० ची) एसएसडी घेऊन उपयोग नाही, ती चालेल पण जेन ३ च्या वेगाने. साधी जेन ३ एनव्हीएमई (याच रस्त्यावर चालणारी वेगवान एसएसडी) घ्या आणि वाचलेले पैसे रॅममध्ये घाला. पुढे कधी ग्राफिक्स कार्ड लावायचं झालं तर आरएक्स ६५०० एक्सटीसारखं चार लेनचं कार्ड टाळा. ३.० च्या स्लॉटमध्ये त्याचा श्वास कोंडतो. आरएक्स ६६०० आठ लेनचं आहे, त्याला फारसा फरक पडत नाही.

दुसरं, बोर्ड निवडताना बी४५० च्या मोहात पडू नका. तो २०१८ चा, ५००० मालिकेच्या आधीचा. बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) जुना असेल तर ५६००जी ओळखणार नाही, आणि बायोस अपडेट करायला बहुधा आधी चालणारा प्रोसेसर लागतो. ए५२० आणि बी५५० चा सध्या दुकानात असलेला माल बहुधा तयार बायोससकट येतो, खोक्यावर 'रायझन ५००० डेस्कटॉप रेडी' असं स्टिकर असतं ते पाहून घ्या.

तरीही खात्री हवी असेल तर मार्ग एकच. मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलच्या पानावर जा आणि 'सपोर्ट'मध्ये प्रोसेसरची यादी उघडा. प्रत्येक प्रोसेसरसमोर 'कोणत्या बायोसपासून' असा रकाना असतो. तिथे तुमचा प्रोसेसर नसेल तर तो बोर्ड घेऊ नका, दुकानदार काहीही म्हणो. मॉडेलचं नाव अक्षरन् अक्षर जुळवा. एका अक्षराने डीडीआर बदलते, एम.२ चा स्लॉट कमी होतो.

पायरेट_पंत

माझं मत जुन्या ऑफिस मशीनच्या बाजूने. आठव्या पिढीचा आय५-८५०० असलेला ब्रँडेड डेस्कटॉप घ्या. ६ कोर, विंडोज ११ अधिकृत चालतं, जोडण्याची कटकट नाही, ३५ मधले बरेच पैसे वाचतील.

लॅमिंग्टनकर

@पायरेट_पंत, निव्वळ चालवायला तो चांगला पर्याय, मीही विकतो. पण दादांना पुढे वाढवता येणारं मशीन हवंय. ब्रँडेड मशीनमध्ये एसएमपीएसचा आकार आणि मदरबोर्डला जाणारं कनेक्टर बऱ्याचदा कंपनीचं स्वतःचं असतं, बाजारातला एसएमपीएस त्यात बसत नाही. लहान कॅबिनेट असेल तर कार्डही अर्ध्या उंचीचंच लागतं. बोर्ड गेला तर तसाच बोर्ड शोधत हिंडायचं. सोय आणि वाढ यात ज्याने त्याने निवडावं.

वायरमन_वाई

एसएमपीएसबद्दल लिहितो, कारण भाग जुळले का हे विचारताना लोक याचा विचारच करत नाहीत.

आधी गरज किती ते बघा. ५६००जी पूर्ण भाराखाली ८८ वॅटच्या आसपास घेतो, आय३-१२१०० कमाल ८९. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे धरून आणखी ३०-४०. म्हणजे आज सगळं मिळून १३० च्या आत. उद्या आरएक्स ६६०० लावलं तर त्याचे १३२ अधिक, एकूण पावणेतीनशेच्या आत. म्हणून 'वॅट किती' यापेक्षा 'वॅट खरे किती' हे बघायचं.

ते कसं? एसएमपीएसच्या अंगावरचं लेबल वाचा. त्यावर ३.३, ५ आणि १२ व्होल्टचे रकाने असतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही १२ व्होल्टवर चालतात, म्हणून त्या रकान्यातले अँपिअर गुणिले १२ करा. चांगल्या ४५० वॅटच्या युनिटवर १२ व्होल्टला ३५-३६ अँपिअर दिसतील, म्हणजे सव्वाचारशे वॅटच्या आसपास. फुकट येणाऱ्या '४५० वॅट'वर १४ अँपिअर लिहिलेले असतील तर ते भरतात १६८ वॅट. दुकानात उभं राहूनच हा हिशोब करता येतो. स्वस्तातल्या युनिटमध्ये जास्त भार, शॉर्ट, जास्त व्होल्टेज यांपासून संरक्षणही धड नसतं, आणि जाताना तो बोर्ड बरोबर घेऊन जातो.

८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) किंवा त्याहून वरचा, नाव असलेल्या कंपनीचा ४५० ते ५५० वॅटचा घ्या. प्रोसेसरसाठी ४+४ पिनचं आणि कार्डासाठी ६+२ पिनचं कनेक्टर आहे ना ते बघा. ही दोन्ही आठ पिनांची असली तरी वेगळी आहेत. खाचा जुळत नाहीत, जबरदस्ती करू नका. मॉड्युलर एसएमपीएस असेल तर दुसऱ्या कंपनीची केबल त्याला कधीही लावू नये. कनेक्टर बसतं, पण आतली पिनांची मांडणी वेगळी असते आणि एसएसडी जळते.

आता अर्थिंग. गावाकडे आणि जुन्या वाड्यांमध्ये 'कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात' ही तक्रार हमखास येते आणि दोष एसएमपीएसला दिला जातो. त्याच्या तोंडाशी फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती गळती गुपचूप जमिनीत जाते. नसेल तर बॉडीवर निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहतं. करंट अगदी कमी असल्याने माणसाला नुसता चटका बसतो, पण चालू मशीनला एचडीएमआय केबल लावताना पोर्ट जाऊ शकतं. तिसरी पिन काढलेला एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, हा खर्च यादीत धराच.

यूपीएस ६०० व्हीएचा घेतला तरी चालेल. त्यावर साधारण ३६० वॅट चालतात, तुमचं मशीन आणि मॉनिटर त्यात सहज मावतात. मशीन नीट बंद करण्यापुरती मिनिटं मिळतात, तेवढीच अपेक्षा ठेवा.

अबोली

वायरमनदादा, फार उपयोगी लिहिलंत. आमच्याकडे हाच चटका बसतो, आजच दाखवून घेते.

शून्य_एक

रॅमवर थोडं. १६ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्या. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते याच रॅममधून उसनं घेतं. दोन स्टिक असल्या की ड्युअल चॅनेल होतं, रॅम आणि प्रोसेसरमधला रस्ता दुप्पट रुंद होतो, आणि वेगा ७ सारख्या ग्राफिक्सला त्याचा थेट फायदा दिसतो.

बोर्डला चार स्लॉट असतील तर प्रोसेसरच्या बाजूने मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात लावा. ३२०० वेगाची डीडीआर४ पुरे. एच६१० वर ३६०० ची लावली तरी ती ३२०० नेच चालते. जोडून झाल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग), किंवा एएमडीच्या बोर्डावर त्याला जे नाव असेल ते, चालू करा. ते केलं नाही तर ३२०० ची रॅम बऱ्याचदा २१३३ किंवा २४०० ने चालत राहते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चांगलेच चढलेत, डीडीआर४ सुद्धा सुटलेली नाही. घरात किंवा मित्राकडे डीडीआर४ पडून असेल तर आधी ती विचारा. अँड्रॉइड एमुलेटर लावायचा तर ८ जीबीवर भागणार नाही, म्हणून १६ च्या खाली येऊ नका. काटछाट करायचीच असेल तर कॅबिनेटवर करा.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीने सगळं वाचून नवी यादी केली: रायझन ५ ५६००जी, बी५५० चा मायक्रो एटीएक्स बोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० स्टिक, ५०० जीबीची जेन ३ एनव्हीएमई, ४५० वॅटचा ब्राँझ एसएमपीएस, एसएमपीएसविना येणारं साधं कॅबिनेट.

तिचे दोन प्रश्न. एम.२ एसएसडी साटाचीही असते म्हणतात, ती चुकून आली तर? आणि घरचा मॉनिटर जुना आहे, त्याला फक्त व्हीजीए आहे.

सोल्डरगन

एम.२ हा नुसता आकार आहे. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. आत साटा असू शकते किंवा एनव्हीएमई. बोर्डाच्या माहितीपुस्तकात प्रत्येक एम.२ स्लॉटसमोर कोणता प्रकार चालतो ते लिहिलेलं असतं. काही स्लॉट फक्त एनव्हीएमई घेतात, तिथे साटावाली दिसणारच नाही. तुम्ही खोक्यावर 'एनव्हीएमई' हा शब्द बघूनच घ्या. एसएसडी तिरकी घालून खाली दाबायची आणि छोट्या स्क्रूने बसवायची. तो स्क्रू बोर्डाच्या खोक्यात बारीक पुडीत असतो, पुडी खोक्याबरोबर फेकून देऊ नका.

मॉनिटरचं लक्षात आणून दिलंत ते बरं झालं. बऱ्याच बी५५० बोर्डांना मागे एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टच असतं, व्हीजीए नसतं. ए५२० च्या स्वस्त बोर्डांना मात्र अजून व्हीजीए मिळतं, आणि ५६००जी ला ए५२० काही कमी पडत नाही. ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) करायचं नसेल तर मी ए५२० घेऊन फरकाच्या पैशात यूपीएस बसवेन. बी५५० च हवा असेल तर एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घ्या. आत चिप असलेला लागतो. नुसती दोन टोकांची वायर चालत नाही, कारण एचडीएमआय डिजिटल आणि व्हीजीए अॅनालॉग.

तांबडा_पांढरा

बोर्ड बसवताना एक बघा. स्वस्त मायक्रो एटीएक्स बोर्ड पूर्ण २४४ मिलिमीटर रुंद नसतात, उजव्या कडेला स्क्रूची रांगच नसते. ती कड हवेत लोंबते आणि नेमकं २४ पिनचं मोठं कनेक्टर तिथेच असतं. वरून दाबलं की बोर्ड वाकतो. म्हणून दुसऱ्या हाताची बोटं बोर्डाखाली घालून आधार द्या आणि मग दाबा. किंवा कॅबिनेटमध्ये घालण्याआधीच रॅम, कूलर, एसएसडी टेबलावर खोक्यावर ठेवून बसवून घ्या. कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफ बोर्डाच्या भोकांखालीच हवेत. भोक नाही तिथला काढून टाका, नाहीतर शॉर्ट होतं.

५६००जी च्या पिना प्रोसेसरलाच असतात. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा, हातातून अलगद सोडा, आपोआप बसतो. त्याच्याबरोबर येणारा कूलर चार स्क्रूंचा असेल तर बोर्डावरचे काळे प्लास्टिकचे दोन ब्रॅकेट आधी काढावे लागतात. ते काढताना मागची लोखंडी पट्टी निसटते, ती एका हाताने धरून ठेवा. स्क्रू एकेक पूर्ण आवळू नका, समोरासमोरच्या कोपऱ्यांना थोडे थोडे फिरवत जा.

पुढे कधी कूलर काढायचा झाला तर मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा आणि कूलर हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवून मग उचला. थंड असताना सरळ वर ओढला तर घट्ट झालेल्या पेस्टबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

कृष्णाकाठ

मुलीशी बोललो. ए५२० आणि यूपीएस असं ठरलं. व्हीजीए असलेलं मॉडेल तिने शोधलं, सपोर्टच्या यादीत ५६००जी आहे. अर्थिंगसाठी रविवारी इलेक्ट्रिशियन येतोय.

लॅमिंग्टनकर

प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच घ्या. 'ट्रे'चा म्हणून स्वस्तात देतात त्यात कूलर नसतो आणि वॉरंटी दुकानाच्या शब्दावर असते. प्रत्येक भागाचं जीएसटी बिल सिरियल नंबर लिहून घ्या. दोन-अडीच वर्षांनी एसएसडी गेली तर ते बिलच कामाला येतं.

कोकणकडा

धागा वरून खालपर्यंत वाचला. माझाही प्रश्न इथेच विचारतो. मित्र बी४५० बोर्ड देतोय, त्याने २०१९ ला घेतलेला, तेव्हापासून बायोस बदललेला नाही. मी रायझन ५ ५५०० घ्यायचं म्हणतोय. जमेल?

सोल्डरगन

बायोस बदलल्याशिवाय नाही. मित्राचा जुना प्रोसेसर अजून बोर्डावर असेल तर तो काढण्याआधीच त्याच्याकडे बसून अपडेट करून घ्या. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, बोर्डाच्या पानावरून फाइल उतरवा, आधी मधल्या आवृत्तीवर जा असं तिथे लिहिलं असेल तर तो टप्पा गाळू नका. अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये, यूपीएसवरच करा. काही बोर्डांना मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असतं, तसं असेल तर प्रोसेसर नसतानाही होतं.

आणि ५५०० ला ग्राफिक्स नाही. तुमच्याकडे कार्ड आहे ना?

कोकणकडा

जीटीएक्स १६५० आहे, जास्तीचं पॉवर कनेक्टर न लागणारं.

सोल्डरगन

मग हरकत नाही. ते ७५ वॅटचं, स्लॉटमधूनच वीज घेतं. मॉनिटरची केबल बोर्डाला न लावता कार्डाला लावा.